बेटावर राहिलेली मेघावती

कावळा शिवेना.

भाईंदरच्या खाडीवर आनंदीच्या दहाव्याचे पिंड मांडून झाले होते. रेशनचा तांदूळ, त्यामुळे भात जरा काळपटच. तिचा नवरा महिपत ओल्या धोतरात हात जोडून उभा होता. नुकतंच मुंडण केलेलं डोकं उन्हानं तापलं होतं. कावळे पुष्कळ होते. पलीकडे मासळी वाळत घातली होती, तिथल्या काठ्यांवर ओळीनं बसले होते आणि इकडे ढुंकूनही बघत नव्हते.

"माजलेत इथले कावळे," शेजारचा बाबाजी म्हणाला. "बोंबील खाऊन बसलेल्यांना भात काय गोड लागणार?"

कोणी हसलं नाही. आनंदीचा भाऊ नाथा पुढे झाला आणि त्यानं पिंडाला हात जोडले.

"आक्का, आशाच्या शाळेची काळजी करू नको. तुझ्या पोरीला मी शिकवीन." कावळा आला नाही. "भावोजींना एकटं नाय पाडणार." एक कावळा उडाला आणि डोंगरी गावाच्या दिशेनं निघून गेला. "बरं, तुझा नवा स्टोव्ह कोणाला नाय देणार. देवाशपथ."

भटजींनी पंच्यानं मान पुसली. "भरती लागलीय. पाणी वर यायच्या आत उरकायला हवं. दर्भाचा कावळा करतो आणि तोच शिववतो. तशी सोय आहे शास्त्रात."

"नको," महिपत म्हणाला.

"नको म्हणजे? किती वेळ उभं राहायचं?"

"गवताच्या कावळ्याला काय कळतंय? तिचं काहीतरी राहिलंय."

काय राहिलंय ते त्याला आत्ताच उमगलं होतं. पण चारचौघांत बोलायची लाज वाटत होती.

मेघावती ही एका चित्रकथेतली मुलगी. दर महिन्याला तिचं पातळ पुस्तक निघायचं. आनंदी ते स्टेशनवरून आणायची आणि महिपत जेवायला बसला की मोठ्यानं वाचायची. दिवसभर कारखान्यात स्टीलच्या भांड्यांना पॉलिश करून आलेला महिपत अर्धं ऐकायचा, अर्धं घासाबरोबर गिळायचा. बहात्तरच्या दुष्काळात ती मालिका एकाएकी बंद झाली. शेवटच्या पुस्तकात बेटावर गलबत आलं, सगळे चढले, गलबत निघालं. मेघावती तिथंच. चित्र काढणारा तिला विसरला की छापणारा कंटाळला, कोण जाणे. खाली मोठ्या अक्षरात 'समाप्त'. पुढं स्टेशनवरचा पुस्तकवालाही ते नाव विसरून गेला. आनंदी विसरली नाही. अंथरुणाला खिळल्यावरसुद्धा मध्येच म्हणायची, "बाईमाणसाला असं मागं टाकून जातात होय? मेल्यांना शेवट करता येत नव्हता तर सुरुवात कशाला केली?"

महिपतनं घसा खाकरला.

"आनंदी, ऐकतेस ना? मेघावतीला आणायला गलबत परत गेलं."

"कोण मेघावती?" बाबाजीनं नाथाच्या कानाशी विचारलं. "तुमच्यातली?"

"आमच्यात कोण नाय बुवा. भावोजींकडची असेल."

"पुस्तकातली आहे," महिपत मागं न बघता म्हणाला.

भटजी दर्भ हातात धरून तसेच राहिले.

"गलबत अर्ध्या वाटेत गेलं, तेव्हा नाखव्यानं माणसं मोजली. एक माणूस कमी. तो एक म्हातारा होता ना त्यात, माकडवाला, नाव आठवत नाय मला. तो म्हणाला, आता कशाला मागं फिरायचं, वारा उलटा आहे. नाखवा म्हणाला, उलटा तर उलटा. वल्ही मारा. बाईमाणूस मागं राहिलंय."

महिपत थांबला. पुढचं त्यालाच ठाऊक नव्हतं. त्यानं खाडीकडे बघितलं.

"बेटाजवळ पाणी उथळ. गलबत आत जाईना. मग होडी सोडली. नाखवा स्वतः गेला. ती काठावरच उभी होती, गाठोडं बांधून. रागावलेली. बोलली नाय काहीच. नाखवा म्हणाला, चूक झाली. बस."

काठीवरचा एक कावळा उठला. तिरपा उतरत पिंडाशी आला, मान वाकडी करून त्यानं भाताकडे बघितलं आणि चोच मारली.

"शिवला! शिवला रे!" बाबाजी ओरडला. नाथानं दोन्ही हातांनी तोंड झाकलं आणि तो हुंदके देऊन रडला. भटजींनी दर्भ खाली ठेवला. माणसं सुटल्यासारखी बोलायला लागली, चपला शोधायला लागली.

"मग होडी निघाली," महिपत म्हणाला. "ऊन होतं. नाखव्यानं स्वतःचं मुंडासं सोडून तिच्या डोक्यावर धरलं."

नाथानं डोळे पुसले आणि त्याच्या दंडाला हात लावला. "भावोजी, शिवला. झालं आता. चला, पाणी आलं."

पाणी महिपतच्या घोट्यांना लागलं होतं. त्यानं हात जोडलेलेच ठेवले.

"तू हो पुढं," तो म्हणाला. "तिला घरापर्यंत पोचवतो नि येतो."