तोंडाचा वास

“मास्क काढा, बाबा. तोंड उघडा. अजून मोठं.”

सावळीराम नाना बुचकळ्यात पडले. ते आले होते छाती दाखवायला. पंप न चुकता ओढूनही दम पुन्हा पुन्हा उसळत होता, म्हणून मुलाने, वाल्मीकने, नाशकातल्या या नव्या डॉक्टरबाईंची वेळ घेतली होती. तरी नानांनी मास्क हनुवटीखाली ओढला आणि तोंड उघडलं.

वाल्मीक सवयीने मागे सरला. डॉक्टर मात्र बॅटरी घेऊन आणखी पुढे वाकल्या.

“हिरड्यांत पू झालाय. विड्यांनी फुफ्फुसं आधीच खराब, त्यात हे जंतू श्वासाबरोबर खाली उतरतात. छाती सारखी भरते त्याला हेही एक कारण असू शकतं. दातांच्या डॉक्टरांकडे लगेच जा. वास कधीपासून येतो तोंडाला?”

“वास?” नाना म्हणाले. “मला तर काय येत नाय.”

“आपला आपल्याला कळत नाही, बाबा. घरात कोणाला तरी आला असेल.” त्यांनी वाल्मीककडे पाहिलं.

वाल्मीकची नजर टेबलाच्या कडेवर खिळली. “बरेच दिवस झाले,” तो पुटपुटला.

“मग बोलला का नाहीत?”

नानांना वाईट वाटेल, असं तो आणि त्याची बायको मनाली एकमेकांना सांगत आले होते. नानांची खाट गॅलरीत हलवली, तेव्हा तिथे मोकळी हवा मिळेल, असं नानांना सांगितलं होतं.

नाना मास्क वर चढवत होते. मध्येच त्यांचे हात थांबले.

“आन् माझ्या नातीला, सृष्टीला, माझ्याजवळ येऊ देत नव्हता, ते?”

“नाना, चला, आपण बाहेर बोलू.”

“तू म्हणला व्हता, माझा दमा पोरीला लागंल.”

“हा असा लागणारा आजार नाही, बाबा,” डॉक्टर हळूच म्हणाल्या.

नाना वाल्मीककडेच बघत राहिले. “गळ्यात पडायला यायची रे ती. मीच हाकलायचो. एकदा तर काठी उगारली तिच्यावर.”

वाल्मीकने औषधांची चिठ्ठी घेतली आणि डॉक्टरांकडे न बघताच तो बाहेर पडला.

खाली त्याने स्कूटर काढली. नानांना हात देऊन मागे बसवलं.

“मला धरून बसा. मुंबई नाक्याकडे रस्ता खराब आहे.”

नानांनी त्याला धरलं नाही. ते सीटच्या पार मागच्या टोकाला सरकले. वाल्मीकने आरशात पाहिलं. नानांनी मास्कवरून हाताचा पंजा घट्ट दाबला होता आणि मान पलीकडे वळवली होती.

“नाना, पुढे सरका ना. पडाल.”

“चाल तू,” हाताआडून आवाज आला. “तुला तरास नको.”