अर्थिंगची तार

आयोवात चाळीस वर्षं वायरमन असलेल्या व्हर्लिनचे हात थरथरायला लागले आणि काम सुटलं. लेकीच्या नव्या घरासाठी अर्थिंगची तार घ्यायला दोघं दुकानात आली.

"बाबा, घर माझं, वायरिंगही मीच करणार. तू तोंड उघडायचं नाहीस," डार्लाने बजावलं.

तिने सहा नंबरची तार उचलली. व्हर्लिन खोकला. तिने त्याहून बारीक, आठ नंबरची घेतली. त्याला ठसकाच लागला. चार नंबरच्या जाड तारेला तिचा हात लागला, तेव्हा कुठे खोकला थांबला.

"बघ, एक शब्द तरी बोललो का?" म्हणत तो ऐटीत गाडीकडे गेला.

दुकानदार रॉय चक्रावला. "अगं, चार नंबरची तार तर तू कालच फोनवर सांगितली होतीस!"

"हळू बोल, रॉय. अजून मेन स्विचची पेटी त्याच्याकडून निवडून घ्यायचीय."