मोजणीबाई

नियंत्रण कक्षातला नकाशा पुन्हा गोठला. पडद्यावरच्या सतरा रुग्णवाहिका होत्या तिथेच थिजल्या. फोन घेणाऱ्या ताईंनी मान वळवून दादांकडे पाहिलं. दादा भिंतीवरच्या पांढऱ्या फळ्यापाशी उभे होते. वायरलेसवर ऐकून ते गाड्यांच्या जागा हातानं लिहीत होते. "पाच नंबर पुलाजवळ आहे, तिला पाठवा," ते म्हणाले. तीन सेकंदांनी नकाशा हलला. जरा वेळ चालला, आणि पुन्हा अडला.

मागच्या टेबलावर बसलेल्या तपासनीस बाईनं तीही वेळ टिपून घेतली. प्रधान कचेरीनं तिला इथे पाठवून आठ दिवस झाले होते. दुसऱ्याच दिवशी खोलीनं तिचं नाव मोजणीबाई ठेवलं होतं. ते तिच्या कानावर आलं होतं, आणि तिला ते फारसं खटकलंही नव्हतं.

नकाशाचा प्रोग्रॅम दादांचा. अकरा वर्षं त्यांनी रुग्णवाहिका चालवली. मग गुडघ्यानं दगा दिला, तेव्हा बेचाळिसाव्या वर्षी ते प्रोग्रॅमिंग शिकायला बसले. सहा वर्षं नकाशानं कुरकुर केली नव्हती. गेल्या महिन्यापासून मात्र तो अडखळत होता. आज चार वाजता समितीची बैठक होती. मोजणीबाईचा अहवाल जवळपास तयार होता: प्रोग्रॅम अफाट मेमरी खातो, तो काढून टाकावा, दादांना गोदामाच्या कामावर घ्यावं.

एकच गोष्ट तिच्या गळी उतरत नव्हती. मेमरीचा आकडा काही केल्या वाढत नव्हता. कचेरीची मोजणी, म्हणजे मेमरी मोजणारा छोटा प्रोग्रॅम, मिनिटाला एकदा चालायची. तिनं ती अर्ध्या मिनिटावर आणली, मग दहा सेकंदांवर. चोर काही सापडेना, आणि नकाशा मात्र जास्तच अडायला लागला. दुखणं बळावतंय, असं तिनं वहीत लिहिलं होतं.

सव्वाअकराला तिनं प्रश्नच बदलला. प्रोग्रॅम किती खातो ते राहू दे. अडतो तेव्हा तो कोणासाठी थांबलेला असतो? हे कर्नलला ठाऊक असणार. कर्नल म्हणजे संगणकाचा कारभारी. कोणाला कधी काय द्यायचं ते तोच ठरवतो. तिनं तिथे, नकाशा अडला की कारण टिपून ठेवणारा एक छोटासा सापळा लावला. बोटं शिवशिवत होती. नकाशा गोठला, आणि सापळ्यात ओळ पडली. दादांचा प्रोग्रॅम स्वतःच्याच मेमरीच्या दाराशी ताटकळत उभा होता. दाराला आतून कडी होती. कडी घालणाऱ्याचा क्रमांकही शेजारी आला होता.

"ताई, सापडला," ती म्हणाली. तिचा आवाज तिलाच अनोळखी वाटला.

तिनं क्रमांक टाकून नाव मागवलं. नाव आलं. तिनं चष्मा पुसला आणि पुन्हा वाचलं. नाव तिच्याच मोजणीचं होतं.

तिनं मोजणी बंद केली. सतरा गाड्या रस्त्यांवरून सरकू लागल्या. मिनिट गेलं, दोन गेली, पाच गेली. एकेक करून फोनवाल्या बाया उठून ताईंच्या मागे येऊन उभ्या राहिल्या. "अगं बाई, पाण्यासारखा वाहतोय," ताई म्हणाल्या. दहा मिनिटांत नकाशा एकदाही अडला नाही.

मोजणीबाई खुर्ची ओढत थेट दादांपाशी गेली. शब्द तिला आवरत नव्हते. "प्रोग्रॅमकडे मेमरी किती, असं आपण विचारलं की कर्नल दर वेळी पहिल्यापासून सुरुवात करतो. मेमरीचं एकेक पान तपासतो, लाखो पानं. आणि तोवर दाराला कडी. शिरगणतीवाला घरात शिरला आणि म्हणाला, माणसं मोजून होईपर्यंत कोणी आत-बाहेर करायचं नाही, तसं. आणि मी त्याला दर दहा सेकंदांनी घरात धाडत होते."

"मग मोजायचंच नाही का?" दादांनी विचारलं.

"मोजायचं. पण कर्नल एक चालू बेरीज ठेवतोच. जराशी ढोबळ असते, पण आपल्याला पुरते. तेवढीच विचारायची."

तिनं बारा ओळी बदलल्या. दादांनी शेजारी बसून त्यातली एक चूक दाखवली. मोजणी पुन्हा सुरू झाली. आधी तीन सेकंद लागायचे, आता टिचकी वाजवायच्या आत आकडा यायचा, आणि नकाशाला त्याचा पत्ताही लागत नव्हता. मोजणीबाईनं तयार अहवाल टराटरा फाडला. इतकी खूश ती कित्येक वर्षांत झाली नव्हती.

"दादा, आठ दिवस मी तुमच्या मानगुटीवर बसले होते. तुम्हाला एकदाही शंका आली नाही?"

"आली होती," दादा म्हणाले. "महिन्यापूर्वी मोजणी सुरू झाली, त्याच आठवड्यात. मी कचेरीला लिहिलं, दहा मिनिटं मोजणी बंद ठेवून बघू द्या. उत्तर आलं, मोजणी बंद असताना मेमरी किती लागते, ते आधी मोजून कळवा."

ती खो खो हसत सुटली. "असलं उत्तर देणारा शहाणा कोण?"

दादांनी खणातून एक कागद काढला, घडी उलगडली आणि तिच्यापुढे ठेवला. हसता हसताच तिची नजर ओळींवरून खाली उतरली.

सही तिची होती.