नेमकं दहा

तेजल बोराटेच्या अंगठ्याने ब्युरेटची तोटी आपोआप बंद केली. फ्लास्कमधला रंग अजून बदललाच नव्हता. तिने पुन्हा करून पाहिलं. रीडिंग दहावर आलं आणि तोटी पुन्हा बंद झाली. दुसऱ्या हाताने दाबून धरला, तरी अंगठा ऐकेना.

तिने आजूबाजूला पाहिलं. टी. वाय.च्या प्रत्येकाची तोटी दहावरच बंद होती.

"मॅडम, यंदा फ्लास्कमधलं द्रावण बदललंत ना?" तिने विचारलं.

"हो, दुप्पट तीव्र केलंय. वीस यायला हवं," बनसोडे मॅडम म्हणाल्या. मग त्यांनीही एकेक ब्युरेट वाकून पाहिली.

पहिल्या वर्षी सगळ्यांच्या मनगटात सुई टोचली होती. संशोधनाचं कसब आयतं हातात, नोकरी-धंद्याची चिंता मिटली, असं प्राचार्य म्हणाले होते. ते कसब कॉलेजच्या सुवर्णपदकवाल्याच्या हातांवरून उतरवलेलं होतं.

"त्याचं रीडिंग कधी चुकलं नाही गं," मॅडम पुटपुटल्या.

"कसं चुकेल? दरवर्षी उत्तर दहाच. आधीच्या बॅचला विचारून जुळवत असणार तो!" तेजल म्हणाली.

मॅडम स्टुलावर बसल्या. "हीच सुई घेतलेल्या गेल्या वर्षीच्या मुलांनी स्टेशन रोडला रक्त तपासायची लॅब काढलीय."

तेजलने मोबाइल काढला. सकाळचा आईचा मेसेज अजून वर होता. 'स्टेशन रोडच्या लॅबमधून बाबांचा रिपोर्ट आला. सगळं नॉर्मल. गोळ्या बंद केल्या.'

तिने घरी फोन लावला. रिंग वाजत राहिली.