पाहुणा उठेना

युद्धबंदीचा हुकूम उपग्रहावरून सुटला, तसे जमिनीतले सुरुंग बारीक पाय काढून वर आले आणि चौकीच्या फाटकाशी रांगेत हजर झाले. मूसाचाचांच्या जर्दाळूच्या बागेतलेही आले. फक्त एक मागे राहिला, आणि तो येईपर्यंत बाग बंदच राहणार होती.

बागेच्या टोकाला, झाडाखाली, चाचांच्या बायकोची, झैनबची, कबर होती. तिला पुरलं आणि पुढच्याच महिन्यात लढाई लागली. तेव्हापासून चाचा तिला तारेपलीकडूनच सलाम करत.

"चाचा, लाजतोय तो. तुम्ही हाक मारून बघा," हवालदार शेलार गंभीरपणे म्हणाला.

"सुरुंगाला?"

"मग काय, मला?"

चाचांना हाक मारायची एकच रीत ठाऊक होती. झैनब कोंबड्यांना बोलवायची, ती.

"ये, ये, ती-ती-ती!"

गवत हललं. चिखलानं माखलेला सुरुंग तुरुतुरु आला, चाचांच्या लाकडी पायापाशी जरासा थबकला आणि ओशाळल्यासारखा रांगेत जाऊन बसला.

"झाली बाग मोकळी! जा की आता," शेलार म्हणाला.

चाचांचं पाऊल उचलेना. मोकळ्या जमिनीवर विश्वास कसा ठेवायचा, हे ते विसरूनच गेले होते. मग त्यांना ओल्या मातीत सुरुंगाच्या पावलांची माळ दिसली. ती थेट झैनबच्या झाडाखालून आली होती.

तेवढ्याच ठशांवर पाय ठेवत चाचा कबरीपर्यंत पोचले आणि टेकले.

"उशीर झाला खरा," ते म्हणाले, "पण तुझा पाहुणाच उठेना."