लाडवातली पूड

डॉक्टरीणबाईंसमोरच्या खुर्चीत भार्गवरावांची मान आपोआप वळत होती, हात मनाविरुद्ध उडत होते. कंपवाताची जुनी थरथर ही नव्हे. हे काहीतरी निराळंच होतं.

“गोळ्यांशिवाय दुसरं कुठलं औषध देताय?” डॉक्टरांनी विचारलं.

“छे, औषध कसलं,” त्यांच्या पत्नी नलूताई म्हणाल्या. “डिंकाचे लाडू करते तेवढे. त्यात खाजकुयलीच्या बियांची पूड घालते. कंपाला चांगली असते म्हणतात.”

डॉक्टरांचा हात लिहिता लिहिता थांबला. “यांच्या गोळीत जे असतं, तेच त्या बियांतही असतं. दोन्ही मिळून फार झालंय, म्हणून अंग असं हलतंय. ते लाडू आजपासून बंद.”

बाहेरच्या बाकावर नलूताईंनी नवऱ्याचे हात आपल्या मांडीवर दाबून धरले. “रोज समोर बसून खाऊ घातले हो मी.”

“लाडू खाल्ला की अंग जास्त उसळायचं. माझ्या ध्यानात आलं होतं.”

“मग बोलला का नाहीत?”

“सुरुवातीला एकदा माझ्या हातून चहा सांडला नाही, तेव्हा तू हसलीस. केवढ्या दिवसांनी हसली होतीस.”