भावाच्या तुकडीत

"तू जा गाईकडे, आई. मी आहे ना याच्याजवळ."

मार्यान तेव्हा सात वर्षांचा होता आणि पाळण्यातला ओस्ताप सात महिन्यांचा. थोरल्याचा तो कोवळा आवाज आज पहाटेपासून स्तेफाच्या कानात होता. कणीक मळताना, सरपण सारताना, पाव भट्टीत सरकवताना. हात आपापली कामं करत होते. ती नुसती हातांच्या मागेमागे फिरत होती.

आज ओस्ताप निघणार होता. दहा वाजता तालुक्याच्या भरती कचेरीत सही, मग दीड महिना शिक्षण, मग थेट मार्यानच्या तुकडीत. एकोणीस वर्षांचा पोरगा. त्याला कुणी बोलावलं नव्हतं. आपणहून नाव देऊन आला होता.

"अजून सही झालेली नाही," वासिल म्हणाला. ओस्तापच्या बाप्तिस्म्याला त्याला मांडीवर घेतलेला हा शेजारी. निरोपाच्या जेवणाला तो सकाळी सातलाच येऊन बसला होता. "सहीपर्यंत माणूस मोकळा. पोटात दुखतंय म्हण आणि पांघरूण घे."

"काका, तुमच्या लग्नाच्या वेळी हे का नाही सुचलं?"

"सुचलं होतं रे. पण तुझ्या काकूने आधी जेवायला वाढलं."

ओस्ताप खो खो हसला. स्तेफाही हसली.

ती गावात टपाल वाटायची. लढाई सुरू झाल्यापासून लोक आधी तिच्या सायकलकडे बघत, मग तिच्या तोंडाकडे. पिशवीतून आपल्या नावाचं काय निघेल याची धास्ती. म्हणून चेहरा सरळ ठेवायला ती शिकली होती. दारात उभं राहायचं, नाव वाचायचं, सही घ्यायची, पुढच्या दाराशी जायचं.

"थोरला काय म्हणतोय?" वासिलने विचारलं.

ओस्तापने फोन काढला. मार्यान बोलत नसे. बोललं की शत्रूला जागा कळते, असं त्यानेच कळवलं होतं. लिहायचा मात्र रोज. स्तेफा धार काढून परते तोवर बहुतेक निरोप आलेला असे, आणि तिच्या हातातली बादली घेता घेता ओस्ताप तो वाचून दाखवी.

"कालचा ऐका. 'येऊ नकोस, सोन्या. पाय भिजून सुजलेत. डोळ्याला डोळा नाही. इथे माझं म्हणावं असं कुणी नाही. तू घरीच राहा.'"

"सोन्या?" वासिलचा घास हातातच राहिला. "मार्यान तुला सोन्या म्हणतो? जन्मभर तर गाढव म्हणत आला!"

"तेच ना! हिवाळा सरला तसा माझा भाव वधारलाय."

"तिकडे माणूस मऊ होतो," वासिल हळूच म्हणाला.

स्तेफाने ओस्तापच्या ताटात उकडलेल्या करंज्यांसारख्या आणखी दोन वारेनिक्या वाढल्या. वर साय घातली.

"मग ऐक की त्याचं," ती म्हणाली. "येऊ नको म्हणतोय तर."

"त्यानं असं लिहिलं म्हणूनच जातोय, आई." ओस्तापने ताट बाजूला सारलं. "आधी तो नुसत्या बढाया मारायचा. आम्ही असं केलं, आम्ही तसं केलं. तेव्हा माझ्या मनातही नव्हतं जायचं. पण आता तो म्हणतो, माझं म्हणावं असं कुणी नाही. आणि मी इथे बसून साय चाटू?"

"त्याला तुला घाबरवायचं असेल."

"दादाला घाबरवता येत नाही गं कुणाला. खरंच वाईट असेल, तेव्हाच लिहिलं त्यानं."

टेबलावरचा एक कण स्तेफाने बोटाने टिपला, आणि तो कुठे ठेवावा हे तिला सुचेना.

मग पाव आला. निघणाऱ्याने त्याचा एक लचका तोडायचा; उरलेला आईने जपायचा, परतल्यावर त्यानेच संपवायचा. ओस्तापने गरम पावालाच तोंड लावलं, भाजलं म्हणून शिवी हासडली आणि पाव देवाच्या तसबिरीमागे ठेवायला स्टुलावर चढला. तिथे मार्यानचा होता, विटेसारखा कडक.

"दादाने काय लचका तोडलाय बघा! अर्धा पाव एका घासात. पण धूळ नाही गं यावर."

"दर रविवारी पुसते."

बसथांब्यापर्यंत वासिलने त्याची पिशवी उचलली. वाटेत दोन बायका फाटकाशी आल्या, छातीवर क्रूस काढून उभ्या राहिल्या. स्तेफाने त्यांना मान हलवून नमस्कार केला. शेतं नांगरून झाली होती. काळी, ओली, सारखी.

बस वेळेवर आली. वासिलने पोराला कवळलं, पाठीवर थाप मारली आणि नाक शिंकरायला पलीकडे गेला.

"रडत नाहीयेस? शाब्बास," ओस्ताप म्हणाला. "हे बघ, आता तुझं सोपं झालं. आम्ही दोघं एकत्र असलो की तुला एकाच ठिकाणची काळजी."

त्याने पायरीवर पाय ठेवला. स्तेफाने त्याची बाही धरली.

"आई, सोड. बस सुटेल."

"ताई," चालक म्हणाला, "पोराला दहाला पोचायचंय ना?"

तिने बाही सोडली नाही. मग, परक्या दारात उभं राहून एखादं नाव वाचावं तशा आवाजात ती म्हणाली,

"ते निरोप मी लिहीत होते, ओस्ताप, गोठ्यात बसून. मार्यानचं मागे राहिलेलं सामान वसंतात माझ्याच टपालात आलं. फोन त्यातच होता."